डबलसीटचे शॉकअप, मागे बसणारीच्या मापाने

शॉकअप कसे आहेत हे आजवर मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ते सगळे गाडी चालवणारे. मी चालवत नाही, मागे बसते. लग्न झाल्यापासून एकोणीस वर्षं मागेच बसते आहे, त्यातली शेवटची आठ ह्या स्प्लेंडरवर. मी शिवणकाम करते. अस्तर, लेस, हुक, फॉल घ्यायला आठवड्यातून एकदा तरी कुडाळ, तयार ब्लाऊज पोचवायला मालवण, आणि मध्ये कुणाचं लग्न, कुणाची पूजा, आंगणेवाडीची जत्रा. चौक्यातून निघालं की धामापूरचा तलाव, काळसे, नेरूरपारचा पूल, नेरूर आणि मग कुडाळ. ह्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला कमरेने पाठ आहे.

आमच्या ह्यांना खड्डा आधी दिसतो. हँडल घट्ट धरता येतं, पायांवर जोर देऊन जरा उठता येतं. एका बाजूला पाय टाकून मागे बसलेल्या बाईला समोर दिसते ती शर्टाची कॉलर. खड्डा आला हे तिला तो येऊन गेल्यावर कळतं. शिवाय जागाच तशी. पुढचा माणूस दोन चाकांच्या मध्ये बसतो, म्हणून त्याचं वजन थोडं पुढच्या चाकावर, थोडं मागच्या. मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. त्याचं बहुतेक सगळं वजन मागच्या दोन शॉकअपवर येतं, आणि मागच्या चाकाला बसलेला हिसकाही सरळ त्याच्याकडेच जातो. तेव्हा मागचे शॉकअप घेताना मागच्या माणसाला विचारावं, एवढी साधी माझी अपेक्षा. पहिल्या वेळी कुणी विचारलं नाही.

जुने शॉकअप गाडीबरोबर आलेले. आठ वर्षं, अठ्ठावन्न हजार किलोमीटर. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. इथली हवा खारी, वर्षाचे चार महिने पाऊस, आणि चिरेखाणीच्या ट्रकांनी रस्त्यावर सांडलेली तांबडी माती. शॉकअपच्या आतबाहेर होणाऱ्या दांड्यावरचं क्रोम खाऱ्या हवेने टिपक्याटिपक्यांनी खाल्लं की तो खरखरीत झालेला दांडा वरखाली होताना आतलं तेल अडवणारं सील कातरत जातो. मग तेल झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. आमच्या डाव्या शॉकअपला कायम एक काळपट तांबडा लपका असायचा. ह्यांचं म्हणणं, ते चेनचं ग्रीस उडतंय. दोन वर्षं ते ग्रीस होतं.

लक्षणं आधीपासून होती, आम्ही ती रस्त्याच्या नावावर घालत होतो. गतिरोधक एक असायचा, पण गाडी पुढे तीनचार वेळा वरखाली व्हायची. पाळणा म्हणावं तर पाळण्यात कुणाच्या मणक्यात कळ येत नाही. रात्री तर गंमतच. मी बसले की गाडी मागून दबायची आणि तोंड वर करायची, म्हणजे हेडलाइटचा उजेड रस्त्याऐवजी माडांच्या झावळ्यांवर. समोरून येणारे डिपर मारमारून शिव्या घालायचे, आणि आमचा खड्डा तेवढा अंधारात.

नवरात्रात कंबर धरली ती सुटेना. शिवणयंत्रावर वाकून बसण्याने असेल म्हणून आठ दिवस यंत्र बंद ठेवलं, ऐन दिवाळीच्या तोंडावर. फरक नाही. कुडाळच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी विचारलं, गाडीवर कशा बसता? मी खुर्चीवर बसून दाखवलं. त्या म्हणाल्या, कंबर पिळलेली असताना खालून धक्का बसतो तो वाईट. जमेल तेव्हा दोन्हीकडे पाय टाकून बसा, आणि गाडीचं मागचं काम करून घ्या. औषधाच्या कागदावर गाडीचं काम मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी हे कुडाळहून नवे शॉकअप बसवून घेऊन आले. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. धक्का बसला. लाल रंगाची जाड स्प्रिंग, बाजूला चकचकीत डबा, त्यावर इंग्रजीत गॅस लिहिलेलं. चार हजार दोनशे रुपये. दुकानदाराने सांगितलं होतं, "डबलशीटीक कडकच व्हये. ह्ये बुलेटीक पण चलतत." ह्यांनाही पटलं. पुरुषांना गाडीतलं कडक ते चांगलं वाटतं, चहासारखं.

मी आधी बघितलं ते डावीकडे. साडीगार्ड नव्हता.

"त्यो डबो साडीगार्डाक लागत होतो," हे म्हणाले, "म्हणान काढून ठेवलो."

मी त्या दिवशी बोलायचं ते बोलले. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊन काय होतं हे आमच्या गावाने एकदा बघितलेलं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. माझा भाचा वकिलाकडे काम करतो, त्याने नंतर नियमच काढून दाखवला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला १२३ वा: मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं, कपडा अडकू न देणारं संरक्षण असलंच पाहिजे. साडीगार्ड ही कंपनीने हौसेने दिलेली जाळी नाही. शॉकअप घेताना तो साडीगार्डला लागतो का, हे बघा. लागत असेल तर तो शॉकअप तुमच्या गाडीचा नाही. दुकानदार साडीगार्ड काढायला सांगत असेल तर दुकानही तुमचं नाही.

तरी मी बसले. पैसे गेलेले होते. पहिली गोष्ट, बसताच येईना. माझी उंची चार फूट अकरा इंच. सीट आधीपेक्षा उंच झालेली. फूटरेस्टवर पाय देऊन चढायचं म्हटलं तर गाडी कलंडायला लागली. घरच्या घडग्याचा, म्हणजे आवाराच्या दगडी बांधाचा, आधार घेऊन चढले. म्हणजे कुडाळच्या बाजारातून परतताना मला आधी घडगा शोधायला हवा. बसल्यावर गाडी जराही दबली नाही. हे खूश. "बघ, हल्ली नाय तसूभर." मी पण म्हटलं, असेल बाबा चांगलं.

ते अकरा दिवस मी डायरीत लिहून ठेवले आहेत, माप लिहायच्या वहीच्या मागच्या पानावर. जुन्या शॉकअपवर गाडी डुलायची, मळमळायचं. ह्या नव्यांवर डुलणं बंद, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा मोजता येऊ लागला. मोठा खड्डा परवडला, त्याला तयारी असते. लहान लहान, डांबर उखडलेले, ओळीने लागणारे, तेच वाईट. खाली टकटक आणि वर दातावर दात. काळशाच्या पुढे रस्त्यावर त्या पांढऱ्या जाड पट्ट्या आहेत ना, एकामागोमाग सहा, तिथे माझ्या तोंडून प्रत्येक वेळी आवाज निघायचा. हे पुढून विचारायचे, "बरा वाटता मा?" आणि खड्ड्यात तर वेगळाच प्रकार. चाक खाली उतरायच्या ऐवजी सीट खालून काढून घेतल्यासारखी व्हायची आणि मग वर येऊन आपटायची.

अकराव्या दिवशी कट्टा गावच्या मेस्त्रीकडे गेलो. ह्यांचा जुना मेस्त्री, पण मधल्या काळात ह्यांना कुडाळचं काचेचं दुकान आवडलं होतं. मेस्त्रीचं नाव लिहीत नाही, त्याला आहे ती गर्दी आवरत नाही. त्याने गाडी बघितली, मला बघितलं, आणि पहिला प्रश्न मला केला.

"वहिनी, वजन किती? लाजा नकात."

सत्तावन्न. ह्यांचं सहासष्ट. कापडाची पिशवी सहा किलो. मेस्त्रीने भिंतीवर खडूने बेरीज मांडली, एकशे एकोणतीस. गाडीच्या पुस्तकात किती वजन न्यावं ते लिहिलेलं असतं, म्हणाला, तेच आधी बघायचं, आपण सगळे बघत नाही. मग म्हणाला, मेजरिंग टेप कुठे ठेवलाय सापडत नाही. टेप माझ्या पिशवीत असतोच. खडूही शिवणाचा, माझाच.

आता हे माप कसं घ्यायचं ते नीट सांगते, कारण ह्या सगळ्या लिहिण्यात उपयोगाचं तेवढंच आहे. गाडी मधल्या स्टँडवर लावायची, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या एक्सलच्या नटाच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनलवर खडूने खूण. तेवढं अंतर लिहायचं. मग गाडी स्टँडवरून काढून दोघांनी बसायचं, पिशवीसकट, नेहमी बसतो तसं. एकाने हँडल धरून गाडी सरळ ठेवायची आणि तिसऱ्याने पुन्हा तेच अंतर मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती बसली. चाकाची पूर्ण चाल, म्हणजे अगदी वरपासून तळापर्यंत चाक किती हलतं, ती मेस्त्रीने स्प्रिंग काढून, चाक हाताने उचलून काढली. आमच्या गाडीची साडेआठ सेंटिमीटर भरली. त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश भाग माणसं बसल्या बसल्या वापरला गेला पाहिजे. आमच्या हिशेबाने दोन ते तीनच्या मध्ये, तीनकडे झुकलेलं.

जुने शॉकअप घरी चुलीमागे फेकलेले होते, तेही नेले होते. ते पुन्हा लावून मोजलं: चार सेंटिमीटर आठ मिलिमीटर. निम्म्याहून जास्त चाल आम्ही बसल्या जागीच खाऊन टाकत होतो, खड्डा यायच्या आधी. लाल स्प्रिंगवाले लावून मोजलं: एक सेंटिमीटर तीन मिलिमीटर. ह्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता, कारण हे तोवर "हलत नाही" ह्याला गुण समजत होते.

चाकाला खड्डा लागला तर वर यायला जागा लागते, हे कुणालाही कळतं. पण खड्ड्यात खाली उतरायलाही जागा लागते, हे मला तिथे कळलं. गाडी वजनाने थोडी बसलेली असली तरच चाक त्या खड्ड्यात उतरून त्याचा तळ धरेल. बसलेलीच नसेल तर चाक लोंबकळतं, आणि मागची सीट माझ्यासकट खाली येते. ब्लाऊजला दंडात अर्धा इंच ढिलाई का ठेवतात, तेच. मापाला मापाइतकंच कापलं तर हात वर होत नाही.

ह्यांनी विचारलं, मग जुन्यांचीच स्प्रिंग घट्ट केली असती तर? शॉकअपच्या खाली पाच खाचांची एक कडी असते, ती पान्याने फिरवायची, मॅन्युअलमध्येही आहे. एकट्यासाठी खालची खाच, मागे कुणी बसलं की वरची. आमची आठ वर्षं दुसऱ्या खाचेवर होती, जशी शोरूममधून आली तशी. गंजून तिथेच बसलेली. मेस्त्री हसला. म्हणाला, "कडी फिरवल्यान स्प्रिंग कडक होणा नाय. गाडी नुसती वर येता." हे मी तीनदा विचारून घेतलं. खाच वाढवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, म्हणून गाडी कमी बसते. स्प्रिंगचा स्वभाव तोच राहतो. माझ्या यंत्रावरच्या टेन्शनच्या चकतीसारखं नाही ते, तिथे चकती फिरवली की दोरा खरोखर आवळतो. आणि स्प्रिंगचं काम वजन धरायचं, उड्या थांबवायचं काम तेलाचं. तेल गेलेलं असेल तर खाच पाचवर नेली तरी गाडी डुलायची ती डुलणारच, फक्त थोडी उंचावरून.

लाल शॉकअप काढल्यावर ते जुन्याशेजारी उभे करून भोक ते भोक मोजले. नवे दीड सेंटिमीटर लांब. सीट उंच झाली होती ती ह्याने. मधल्या स्टँडवर चाक जेमतेम जमिनीपासून सुटत होतं तेही ह्याने, आणि मेस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे चेनचा कोनही बिघडला होता. लांबी, भोकाचा व्यास, भोकातल्या रबरी बुशची रुंदी, हे तिन्ही जुन्याशी जुळल्याशिवाय शॉकअप घ्यायचा नाही. दुकानात जुना हातात घेऊन जायचं, जसं मी मॅचिंगचं अस्तर घ्यायला कापडाचा तुकडा घेऊन जाते.

गॅसचं मात्र ह्यांना अजून पटत नव्हतं. मेस्त्रीने समजावलं की गॅसची गोष्ट खरी आहे. खराब रस्त्यावर शॉकअप सतत चालला की आतलं तेल घुसळून त्याला फेस येतो, आणि फेसाळलेलं तेल धक्का धरत नाही. नायट्रोजनचा दाब असला की फेस कमी होतो. पण ह्या शॉकअपचा डबा त्याने पिळून बघितला तर तो बाहेरून नुसता अडकवलेला. आत जायला वाट नाही. पोकळ. नवरीच्या दागिन्यांत असतात तसा, जत्रेतला.

तरीही हे म्हणत होते की सवयीने बरे वाटतील. तेव्हा मेस्त्रीने जे केलं त्याबद्दल मी त्याला वेगळे पाच गुण देते. लाल शॉकअप परत लावले, स्वतः पुढे बसला, आणि ह्यांना म्हणाला, "तुम्ही मागे बसा. वहिनींसारखे, एका बाजूक." एकोणीस वर्षांत हे कधी माझ्या जागेवर बसले नव्हते. लुंगी नव्हती, पँट होती, तरी एका बाजूला बसले. कट्ट्याहून मालवणच्या दिशेला दीडदोन किलोमीटर गेले आणि परत आले. उतरताना मेस्त्रीच्या खांद्याला धरून उतरले. काही बोलले नाहीत. गॅरेजच्या बाकावर बसले, पाणी मागितलं, मग मला विचारलं, "गो, अकरा दिवस?"

शॉकअप दुकानाने परत घेतले, हजार रुपये कापून. वापरलेले होते म्हणे. ते बरोबरही असेल.

मग निवडायला चार वाटा होत्या. पहिली, जुन्यांचं सील आणि तेल बदलून घेणं. पाचशेत होत होतं. मेस्त्रीनेच नको म्हटलं. दांड्याला टिपके पडलेले असताना नवं सील दोन पावसाळे काढणार नाही, आणि स्प्रिंगही बसलेली. दुसरी, बिननावाची स्वस्त जोडी, अकराशेची. दोन्ही हातात धरून दाबली तर एक लगेच वर, दुसरी सावकाश. जोडीतलीच दोन अशी वेगळी, तर गाडी वळणावर काय करेल. तिसरी, नावाजलेल्या कंपनीचे बाजारातले. गॅब्रिएलचे होते, नाशिकला कारखाना आहे त्यांचा, आणि त्यांच्यात मला खोट काढता आली नाही. चौथी, हिरोचे मूळ पार्ट, दोन हजार तीनशे पन्नास. मी चौथे घेतले. कारण अगदी बायकी आहे: एकदा माप चुकलं होतं, आता मला त्याच कागदावरून कापलेलं हवं होतं. शंभर रुपयांच्या फरकासाठी पुन्हा प्रयोग नको होता. तुमचं दोघांचं वजन आमच्यापेक्षा बरंच जास्त असेल, दीडशेच्या पुढे, तर हा हिशेब तुम्हाला लागू नाही, आणि मग खरं तर प्रश्न शॉकअपचा नसून गाडीचा आहे.

घेताना डबा उघडून बघा. पार्ट नंबर डब्यावरचा आणि शॉकअपवरचा एक आहे का, दांड्यावर ओरखडा नाही ना, खालच्या भोकातला रबरी बुश सरळ बसलाय ना. आणि एक गोष्ट मला माहीत नव्हती. शॉकअप दुकानात आडवे पडून असतात, त्यामुळे आतली हवा तेलात मिसळलेली असते. मेस्त्रीने दोन्ही उभे धरून पाचसहा वेळा पूर्ण दाबून सोडले, पहिल्या दोन वेळा पोकळ लागले, मग भरीव. त्यानंतरच बसवले. मजुरी दोनशे. कडीला ग्रीस लावून दिलं, पुन्हा गंजून अडकू नये म्हणून.

दुसऱ्या खाचेवर मोजलं, तीन सेंटिमीटर नऊ. चौथ्यावर, बरोबर तीन. तिथेच ठेवलं. दोन्हीकडे एकच खाच हवी, हे सांगायला नको, पण सांगते, कारण आमच्या शेजाऱ्याची डावी तिसऱ्यावर आणि उजवी पाचव्यावर निघाली. तो म्हणे, बायको डावीकडे पाय सोडून बसते म्हणून.

दिवाळीनंतर बसवले, आता गणपती होऊन गेले. सहा हजार किलोमीटर झाले. पहिले चारेकशे किलोमीटर जरा ताठ वाटले, मग मोकळे झाले. आता गतिरोधकावर गाडी एकदा दबते, एकदा वर येते आणि गप्प बसते. काळशाच्या पट्ट्यांवर अजून कळतं, पण आवाज निघत नाही. धामापूरच्या तलावाकडची वळणं, पूर्वी जिथे मागून गाडी तरंगल्यासारखी व्हायची आणि मी ह्यांच्या खांद्यात नखं रुतवायची, तिथे आता मी तळं बघते. १५३० सालचं तळं आहे, एकोणीस वर्षं मी त्याच्या कडेने जाते आहे, आणि त्यात कमळं कुठल्या बाजूला फुलतात हे मला ह्या वर्षी कळलं. हेडलाइट रस्त्यावर आला. माडांना आता अंधार.

गणपतीच्या आधी शिवणाची घाई असते, तेव्हा आठ दिवसांत पाच वेळा कुडाळ झालं, पावसात. नेरूरपारच्या अलीकडे रस्ता इतका गेलेला की खड्ड्यांत पाणी भरून सगळं सपाट दिसत होतं. एकदा जोरात आदळलो. शॉकअप तळाला लागल्याचं मला कळलं, खट्ट करून. पण एकदाच, आणि पुढे काही नाही. जुन्यांवर हे रोजचं होतं. मेस्त्रीने दांड्यावर ग्रीसची रेघ मारून दिली होती, शॉकअप किती आत गेला ते त्या रेघेवरून दिसतं. एरवी ती तळाच्या थोडी अलीकडेच थांबते.

कंबर? बरी आहे. पण इथे खरं सांगायला हवं. मी आता लांबच्या रस्त्याला ड्रेस घालते आणि दोन्हीकडे पाय टाकून बसते. सासूबाई आधी खिडकीतून बघायच्या, आता बघत नाहीत. तेव्हा कंबरेच्या बरं होण्यात शॉकअपचा वाटा किती आणि ह्या बसण्याचा किती, मला वेगळं करून सांगता येणार नाही. लग्नाकार्याला साडीत, एका बाजूला बसून गेले की दुसऱ्या दिवशी थोडं दुखतं. पूर्वी चार दिवस दुखायचं. आणि टायरमधली हवा, तीही आम्ही आत्ताच बघायला लागलो. मागे कुणी असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, तोही पुस्तकात आहे. कमी हवेवर शॉकअपला दोष देऊ नये.

उणं काय? समुद्राच्या हवेला ह्याही दांड्याचं क्रोम टिकेलच असं नाही. डाव्या दांड्यावर, खाली, एक बारीक टिपका दिसायला लागलाय. तारकर्लीला जाऊन आलो की मी फडकं गोड्या पाण्यात भिजवून दोन्ही दांडे पुसते आणि कोरडे करते. धुवायच्या दुकानात प्रेशरचा पाइप सीलवर मारू देत नाही, पोरगा वैतागतो. दुसरं, स्प्रिंगवरचा काळा रंग खालच्या वेढ्यावर चार ठिकाणी उडाला, एका पावसाळ्यात. एवढ्या पैशांत तो थोडा बरा असायला हवा होता. पाचांतले चार गुण. मेस्त्रीला पाच, मात्र शनिवारी जाऊ नका, दिवसभर उभं राहावं लागतं, आणि बाकावर एकच उशी आहे.

तिसरं उणं माझ्याकडून नाही, ह्यांच्याकडून आहे. चौथ्या खाचेवर दोघांना छान बसते, पण हे एकटे मालवणला कामाला जातात तेव्हा ह्यांना कडक लागते. मॅन्युअलप्रमाणे एकटं जाताना खाच खाली आणायची असते. हुकाचा पाना लागतो, दीडशे रुपयांना मिळाला, दोन्ही बाजू मिळून पाच मिनिटांचं काम. पहिला आठवडा ह्यांनी रोज केलं, मग कंटाळा आला. आता चौथ्यावरच जातात आणि संध्याकाळी येऊन पाठ ताणतात. पाना माझ्या यंत्राच्या खणात आहे, कात्रीशेजारी. मागितला की मी देते.